अक्काचा खंड्या आणि माझे शाबूत डोळे

माझे डोळे शाबूत आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अजूनही आमच्या गावातली काही भली माणसं मला रस्त्यात थांबवतात, कानाशी तोंड आणून आपलं नाव ओरडून सांगतात (आंधळ्याला ऐकूही कमी येतं असा आमच्याकडे पक्का समज आहे) आणि "आता कसं काय वाटते, नारायणराव?" म्हणून विचारतात. मी आंधळा नाही. कधी नव्हतो. तसा सरकारी कागद माझ्याजवळ आहे. गावाचं नाव मात्र सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यात आहे, मेहकरहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर आहे आणि मला अजून तिथंच राहायचं आहे, एवढं पुरे.

आंधळी आहे ती माझी थोरली बहीण, अन्नपूर्णाबाई. आम्ही तिला अक्का म्हणतो. काचबिंदूनं तिचे डोळे गेले त्याला सात वर्षं झाली होती. नवरा त्याआधीच गेलेला, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. डोळे गेले, पण त्यांची सगळी धार जिभेला आली. तिची एक जिवाभावाची मैत्रीण, रुक्मिणीबाई, बाजारगल्लीच्या पार त्या टोकाला राहते. मधलं अंतर चारशे पावलं. कचेरी सुटली की अक्काचं मनगट धरून तिला तिकडे न्यायचं आणि परत आणायचं, हे काम माझ्याकडे होतं. मीही कर्तव्यदक्ष माणूस. अर्धा तास झाला की रुक्मिणीबाईंच्या दारात उभा राहून खोकायचो.

एकदा परत येताना अक्का भर बाजारात थांबली आणि तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"नाऱ्या, सात वर्सं झाले, हे मनगट माहं राह्यलं नाही. जो येते तो धरते. मले एक डाव एकटीनं रुक्मिणीकडे जाचं हाये. अन् माह्या मनानं उठून घरी याचं हाये. कोन्ही खोकल्यावर नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, यात विनोद नाही. पण कारकुनाला वाईट वाटलं की तो काय करणार? तो वाचनालयात जातो. तिथं एका जुन्या मासिकात मला लेख सापडला, की विलायतेत शिकवलेले कुत्रे आंधळ्यांना रस्त्यानं नेतात. सोबत फोटो होता. त्यात कुत्रा शांत, माणूस शांत, मागची मोटारसुद्धा शांत उभी. लेखात दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, कुत्रा कोणत्याही प्रसंगी शांत राहिला पाहिजे. दोन, शिकवणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांना पट्टी बांधून महिनोन् महिने त्याच्याबरोबर चाललं पाहिजे. शेवटचं पान कुणीतरी चिवड्याच्या पुडीसाठी नेलं होतं. त्यामुळे हा उद्योग सुरू कसा करायचा ते मला कळलं, बंद कसा करायचा ते कळलं नाही.

कुत्रा मिळाला तो आमच्या कचेरीच्या शिपायाकडून. इंद्रभान त्याचं नाव, उंद्री गावचा. तो म्हणाला, "साहेब, माह्या वावरात एक हाये, खंड्या. इतका गरीब, का जित्ता हाये का मेला समजत नाही." दोन दिवसांनी त्यानं तो आणून दिला. तांबूस रंग, एक कान पडलेला, चेहऱ्यावर पेन्शनीत निघालेल्या माणसाचं समाधान. इंद्रभाननंच बैलाच्या जुन्या मोरकीचा, म्हणजे तोंडाला बांधायच्या दोरीचा, पट्टा केला आणि त्यावर मोडक्या छत्रीची मूठ बसवली. एक गोष्ट तेवढी तो सांगायची विसरला. ती पुढं येईल.

अक्कानं खंड्याच्या डोक्यावरून, कानावरून, पाठीवरून हात फिरवला आणि "कान फाटेल हाये याचा" म्हणाली. मी डोळ्यांना पट्टी बांधतोय हे पुष्पानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला सांगितलं.

"आंधळी मी, अन् पट्टी तू काऊन बांधून राह्यला बे?"

मी तिला लेखातली पद्धत समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि पुष्पाला म्हणाली, "याले लहानपनी गोवर झाला होता. तवापासून असंच हाये."

आता कुत्र्याला बिल्ला पाहिजे. बिनबिल्ल्याचं कुत्रं धरून नेतात. बिल्ले देणारे भाऊराव माझ्या ओळखीचे, म्हणजे काम होणार नाही हे ठरलेलंच. त्यांनी अर्ज पुढं केला. त्यात 'कुत्रा पाळण्याचे प्रयोजन' या रकान्यात तीनच गोष्टी छापलेल्या: राखण, शिकार, हौस. मी म्हटलं, आंधळ्याला वाट दाखवणं. भाऊरावांनी पेन खाली ठेवलं.

"हा रकाना नाही."

"मग राखण लिहा."

"खोटं काऊन लिहू? तुम्ही सांगता ते राखन तं नाही. वर पाठवा लागन."

आमचं वऱ्हाडाचं नशीब मोठं. आधी आमचा अर्ज वर जायचा तो नागपूरला, मग मुंबईला, आणि आता महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली तरी वरच जातो. महिन्याभरानं वरून विचारणा आली की सदर कुत्र्याने असे शिक्षण कोणत्या संस्थेत घेतले, दाखला जोडावा. मी 'शिक्षण चालू आहे' असं लिहून पाठवलं. तो कागद अजून वर आहे. भाऊरावांनी तोवर 'हौस' लिहून तात्पुरता बिल्ला दिला. माझी हौस काय होती ती पुढं सगळ्या गावानं पाहिली.

पहिल्या दिवशी डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधून, छत्रीची मूठ धरून मी बाजारगल्लीतून निघालो. ठरलेली वाट, रुक्मिणीबाईंच्या दारापर्यंत. खंड्या सरळ चालत होता. मीच तिरपा चालत होतो. तेवढ्यात कोणीतरी कळवळून म्हणालं, "अरे बापा! नारायणरावायचेही डोये गेले!" दुसरं म्हणालं, "खानदानातच हाये ना." मी पट्टी वर करून खुलासा केला. पहिल्यानं नीट ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाला, "मनाले लावून घेतलं त्याईनं. कबूल कराले तयार नाहीत."

आणि समाचाराला माणसं यायला लागली. आमच्याकडे कुणाचं बरंवाईट झालं की समाचाराला जायचंच, न गेलं तर जन्मभर नाव निघतं. रोज संध्याकाळी ओसरी भरायची. सगळे माझ्याकडे न बघता पुष्पाकडे बघून बोलायचे. कुणी शंभर गाईंच्या तुपाचं काजळ आणलं, कुणी शेगावचा अंगारा. मी चांगला पाट मांडून समोर बसलेलो, येणाऱ्याला नावानं "या" म्हणतोय, तरी "आवाजावरून बरोबर वयखतात हो!" म्हणून माझं कौतुक व्हायचं.

शेजारच्या सुभद्राबाईंचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, डोळे बिळे काही गेले नाहीत, कुत्र्याला दृष्ट लागली आहे, म्हणून त्याची चाल तिरपी आहे. (चाल माझी तिरपी होती, पण सुभद्राबाईंना कोण सांगणार?) मी पट्टी बांधून निघायच्या तयारीत, आणि त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून शेगडीवर टाकल्या. खंड्याला तीन शिंका आल्या. चौथ्या शिंकेला तो अंगणाबाहेर होता आणि मूठ न सोडल्यामुळे मीही. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हौदात मी थांबलो. हौदात पाणी होतं हे नशीबच म्हणायचं. पट्टी ओली झाली म्हणून त्या दिवशीचा सराव बंद ठेवता आला.

दृष्टीवर निभावलं असतं, पण माणिकराव होते ना! माणिकराव निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं दुसऱ्याची औषधं वाटली, आता स्वतःची अक्कल वाटतात. म्हणाले, "कुत्रा घरात शांत, गल्लीत शांत. याले काही अर्थ हाये का? गोंगाटात शांत राह्यला पाहिजे. लगन हाये उद्या पाटलाकडे. ताशा हाये, बँड हाये. घेऊन जा." लेखातही 'कोणत्याही प्रसंगी' असंच होतं. लग्न हा प्रसंगच असतो. मी गेलो.

मंगलाष्टकं होईपर्यंत खंड्या असा उभा होता की वऱ्हाडी मंडळींनी त्याच्याकडून काही शिकावं. अक्षता पडल्या आणि ताशा कडाडला. इंद्रभान सांगायचं विसरला होता ती गोष्ट तेव्हा कळली. उंद्रीला ज्वारीत डुकरं शिरली की मचाणावर बसलेला राखणदार रिकामा तेलाचा डबा बडवतो, आणि डबा वाजला की खंड्यानं डुकरं शोधत समोर दिसेल तिकडे सुटायचं, असं त्याचं शिक्षण आधीच झालेलं होतं. (नंतर मी विचारलं तेव्हा इंद्रभान म्हणाला, "तुमच्या घरी डुकरं कुठून येतीन म्हनलं!") खंड्या ताशेवाल्यावर सुटला. मूठ सोडू नये असं लेखात ठळक अक्षरात होतं. मी मूठ सोडली नाही. मांडवाचा एक खांब, नवरदेवाचे मामा आणि पंगतीत वाढायला निघालेली वरणाची बादली, हे सगळं मला लागलं, याच क्रमानं.

मी वरणात बसलो होतो. डोक्यावर मामांचा फेटा होता. आता मला पट्टी काढता आली असती, हे मान्य. पण विचार करा. चांगल्या डोळ्यांचा, सरकारी नोकरीतला माणूस भर मांडवात डोळ्यांना फडकं बांधून, कुत्रा घेऊन का शिरला, याचं उत्तर तीनशे माणसांना देत बसायचं? त्यापेक्षा आंधळं असणं अब्रूचं होतं. नवरीचे वडील धावत आले, म्हणाले, "बिचाऱ्याले उचला रे! जेवाले बसवा पह्यले. अन् पोटभर वाढा." मी मान खाली घालून जेवलो. कुणीतरी घास करून हातात दिला, तोही घेतला. माझ्या शेजारी कोण बसलं आहे ते मला दिसत नव्हतं, आणि तिथंच घात झाला. शेजारी आमचे साहेब बसले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या नावचा कागद निघाला. राज्य नवीन, कागदावरची मराठीही नवीन. इंद्रभाननं तो माझ्या हातात न देता सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला, कारण आंधळ्याच्या हातात कागद देणं त्याला प्रशस्त वाटलं नाही. 'आपणांस दृष्टिवैकल्य प्राप्त झाल्याचे निम्नस्वाक्षरीकारांच्या प्रत्यक्ष अवलोकनात आले असून, बुलढाणा येथील सरकारी डॉक्टरांचा दाखला सादर करेपर्यंत आपण अभिलेखास हात लावू नये.' मी साहेबांकडे गेलो. साहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी उठून मला खुर्चीपर्यंत हाताला धरून नेलं आणि म्हणाले, "धीर सोडू नका, नारायणराव. काल तुम्ही फार नीट जेवलात."

बुलढाण्याला गेलो तर डॉक्टर दौऱ्यावर. पाच दिवस एका लॉजवर ढेकूण मारत काढले. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी समोर अक्षरांचा तक्ता टांगला.

"वरची ओळ वाचा."

मी खणखणीत वाचली.

"आता खालची."

"कोणती खालची?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्याच्या काचांची पेटी पुढं ओढली. पंधरा वर्षं मी ज्या नोंदी तपासून सह्या केल्या त्या आठवून मला त्या क्षणी घाम फुटला. दाखल्यावर त्यांनी 'चष्म्यासह सेवेस पात्र' असं लिहिलं. जाड काचांचा चष्मा लावून मी गावात उतरलो. बसस्टँडवरच एकजण हळहळला, "चष्म्यानं का होते आता!"

घरी आलो तो अंगणातून डबा बडवल्याचा आवाज. आत जाऊन पाहतो तर अक्का पायरीवर बसलेली, मांडीवर रिकामा तेलाचा डबा, आणि त्यावर ती हातानं धडाधड ताशा वाजवतेय. खंड्या तिच्या पायाशी पसरलेला. त्यानं एक डोळा उघडून माझा चष्मा पाहिला आणि परत मिटला.

"अक्का, हे कसं केलंस?"

"म्या का केलं? पह्यल्या दिवशी डबा वाजवला तं तो बाहीर पयाला. मले का दिसते कुठं पयाला ते? मी बसली वाजवत. तो वापस आला. पुना पयाला. पुना आला. ना डुक्कर, ना कोन्ही बोंबलत मांगं धावे. चार दिवस पयून पयून कटायला, अन् बसला."

दोन महिने मी पट्टी बांधून, अंगारे लावून, वरणात पडून जे केलं ते तिनं बसल्या जागी केलं होतं. मला राग आला, हे कबूल करतो. मग मी स्वतःची समजूत घातली की रुक्मिणीबाईंच्या दाराची वाट तरी खंड्याला मीच पाठ करून दिली होती. एवढं श्रेय मी कुणाला देणार नाही.

रविवारी दुपारी अक्कानं धुतलेलं लुगडं नेसलं, छत्रीची मूठ धरली आणि ती उंबऱ्याबाहेर पडली. सोबत येऊ नको म्हणून तिनं मला शपथ घातली. सोबत जायचं नाही एवढंच ना? मी वीस पावलं मागून निघालो. सुरुवातीला बरं चाललं. मग खंड्या सारखा मागं वळून बघायला लागला. चार पावलं चाले, थांबे, माझ्याकडे बघून शेपूट हलवे. अक्काचा तोल जायला लागला. गल्लीच्या मध्यावर कुणीतरी सरकीची पोती उतरवायला बैलगाडी आडवी लावली होती. खंड्या नेमका तिच्यापाशी घुटमळला आणि माझ्यानं राहवलं नाही.

"अक्का, गाडी! बैल! डावीकडे! डावीकडे नाही, उजवीकडे!"

खंड्या दचकला, ओढायला लागला, बैल फुरफुरला. सगळी गल्ली थांबून पाहत होती. अक्का मूठ धरून जागच्या जागी उभी राहिली. आधी कुत्र्याशी बोलली, अगदी सावकाश. "काही नाही रे. आपला नाऱ्या हाये." मग मान न वळवता माझ्याशी.

"घरून निंगाल्यापासून तुह्या चपला ऐकून राह्यली मी. हा कुत्रा बैलाले भेत नाही, ताशाले भेत नाही. तू भेतं, म्हनून तो भेते. घरी जाय."

"अन् तुला लागलं तर?"

"तं लागन."

मी चपला काढून हातात घेतल्या, म्हणजे परत जाताना तरी आवाज होणार नाही. मागं वळून पाहिलं तेव्हा खंड्या गाडीला वळसा घालत होता आणि अक्का त्याच्यासोबत, मान ताठ, पण कानोसा घेण्यापुरती जरा वाकडी, तेलघाण्याच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. नवा चष्मा होता तरी पुढचं दिसलं नाही.

घरी येऊन ओसरीवर बसलो. एक तास झाला. दोन झाले. मी उठलो की पुष्पा दारात उभी. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा म्हणाली, "बसा. का बांधून ठेवू? मोरकीचा तुकडा उरला हाये घरात." मी बसलो. तेलघाण्यापुढं रस्ता उकरून ठेवला आहे हे मला आठवलं. मग एक मारका गोऱ्हा आठवला. मग अक्का शाळेत असताना मला पाठीवर बसवून ओढा पार करायची ते आठवलं, आणि पुष्पाला दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसलो. तीन तास! अर्ध्या तासावर खोकून मी हिला सात वर्षं उठवत होतो, त्या बायकांचं बोलणं मुळात केवढं लांब होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दिवेलागणीच्या आधी खंड्या फाटकातून आत आला. मागं अक्का. चाल लंगडी. उजव्या पायाचा अंगठा फुटलेला, नखातून रक्त आलेलं, त्यावर धूळ बसून काळं पडलेलं. मी "पुष्पा, हळद आण!" म्हणून ओरडत धावलो.

"थांब," अक्का म्हणाली. ती पायरीवर बसली आणि पाय पुढं केला. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं उन्हानं चक्कर येते की काय. "उकरलं होतं तठी लागली. येताना. खंड्या थांबला होता बरोबर, मीच घाईत पाय टाकला. सात वर्सांत पह्यली ठेच हाये, नाऱ्या. दुसऱ्याचा हात धरून चालते त्याले ठेच नाही लागत."

पुष्पा हळद घेऊन आली, पण अक्का पाय धुऊ देईना. तिनं मान वर केली आणि भिंतीपलीकडे हाक मारली, घरात बाळंतीण सुटल्यावर मारतात तशी.

"सुभद्राबाई! ओ सुभद्राबाई! या ना इकडं, ठेच पाहाले!"

आणि सुभद्राबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या.